कोल्हापूरची नवी प्रेक्षणीय स्थळं आणि त्यांच्या मागचं जुनं संस्थान

कोल्हापूरला येणाऱ्या पाव्हण्यांचा कार्यक्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला होता. सकाळी अंबाबाई, मग जोतिबा, जमलं तर नरसोबाची वाडी. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, महाद्वार रोडला चपला, रात्री तांबडा-पांढरा, आणि पहाटे गाडी कोकणात नाहीतर गोव्याला. मुक्काम एका रात्रीचा. शहरातल्या हॉटेलवाल्यांची जुनी तक्रार हीच, की माणूस येतो पण थांबत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत ही यादी लांबली आहे. जागतिक वारशात गेलेला पन्हाळा, कणेरीचं ग्रामजीवनाचं संग्रहालय, पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे, दाजीपूरचे गवे, मोरेवाडीची चित्रनगरी, खासबाग, न्यू पॅलेस. मोबाईलवर ‘कोल्हापुरात नवीन काय बघावं’ असं शोधलं की हीच नावं येतात. यातल्या बहुतेक ठिकाणांची मुळं शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत, आणि एखाददुसरं सोडलं तर कुठलंच पर्यटकासाठी बांधलेलं नाही. कुणी कुस्तीसाठी बांधलं, कुणी शेतीच्या पाण्यासाठी, कुणी राज्य राखायला. त्यामुळे आज तिथे जे वाद होतात ते समजून घ्यायला संस्थानाच्या काळात जावं लागतं.

सुरुवात अर्थातच देवळापासून. दक्षिण काशी हे नाव कोल्हापूरला अंबाबाईमुळे मिळालं. काळ्या दगडातलं हे मंदिर चालुक्य-शिलाहारांच्या काळातलं. इथे येणारा माणूस शतकानुशतकं यात्रेकरू होता, प्रवासी नव्हता. त्याची वाट सोपी झाली १८९१ साली, मिरजेहून कोल्हापूरपर्यंत संस्थानची रेल्वे आली तेव्हा. विमानतळसुद्धा वाटतो तेवढा नवा नाही. उजळाईवाडीची धावपट्टी संस्थानचे तेव्हाचे राजे राजाराम महाराज यांनी १९३९ साली सुरू केली. २०२४ मध्ये उद्घाटन झालं ते फक्त नव्या टर्मिनलचं.

देवळातलीच एक गोष्ट अलीकडे आकर्षण म्हणून वर आली आहे, ती म्हणजे किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून वर चढतात. पूर्वी हा पुजाऱ्यांचा आणि आसपासच्या पेठांतल्या लोकांचा सोहळा होता. आता त्याच्यासाठी बाहेरगावची माणसं तारखा धरून येतात. किरणांच्या वाटेत कुणाचा सज्जा, कुणाची वायर, कुणाचा चढवलेला मजला येतो, यावरून दरवर्षी पाहण्या होतात. देवळाची रचना करणाऱ्यांनी पश्चिमेचा क्षितिजापर्यंतचा रस्ता गृहीत धरला होता, नगररचनेने तो धरला नाही, असंच म्हणावं लागतं.

आता शाहू महाराज. कोल्हापूरच्या कुठल्याही गोष्टीची पार्श्वभूमी सांगायला बसलं की गाडी इथे येऊन थांबतेच, त्याला इलाज नाही. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्याच दौऱ्यात, ते तिकडे असतानाच, २६ जुलैला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. इतिहासाच्या पुस्तकात या दौऱ्याची ही बाजू येते. दुसरी बाजू रोमची. तिथलं कलोसियम महाराजांनी पाहिलं आणि असं गोल मैदान आपल्या पैलवानांना हवं, हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मधोमध कुस्तीचा मातीचा हौद, भोवती उतरत्या बैठका, आणि रचना अशी की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी. पुढच्या माणसाचं डोकं आड येत नाही, हे खासबागेत एकदा बसलेला कुणीही सांगेल.

शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर एकमेकांना पाठ लावून बांधणारा राजा दुसरा कुठला असेल तर मला माहीत नाही. तालमीतला आणि संगीत नाटकातला रसिक एकच, असा त्यामागचा हिशेब असावा, आणि कोल्हापुरात तो खराही होता. १९५७ साली या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. केशवराव कोल्हापूरचे, ‘ललितकलादर्श’चे मालक आणि गायक नट, १९२१ साली ऐन उमेदीत गेले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या, खासबागेच्या बाजूलाही झळ पोचली. रात्रभर बघ्यांत उभ्या असलेल्या रंगकर्मींना रडू आवरत नव्हतं. त्यानंतर गावातून जी मागणी पुढे आली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठं, वातानुकूलित, नव्या धाटणीचं सभागृह बांधून द्या, असं कुणी फारसं म्हणालं नाही. होतं तसं बांधा, असं म्हणाले. दगडी भिंती उभ्या होत्या, त्या राखूनच नवं काम हाती घेतलं गेलं. पर्यटकाला ही वारसा इमारत वाटते. इथल्या नाटकवाल्याला ती तालमीची, प्रयोगाची, राज्य नाट्य स्पर्धेची जागा आहे. आवाज कुठल्या रांगेपर्यंत विनामाईक पोचतो हे त्याला पाठ असतं.

संग्रहालयांचं थोडक्यात. मेजर चार्ल्स मँट या अभियंत्याने आखलेला न्यू पॅलेस १८८४ साली पूर्ण झाला आणि १९७४ पासून त्याचा एक भाग छत्रपती शहाजी संग्रहालय म्हणून खुला आहे. गर्दी तिथे होते. माझं मत विचाराल तर टाऊन हॉलच्या संग्रहालयाला अर्धा तास जास्त द्यावा. तीही इमारत मँटचीच. १९४५-४६ च्या सुमारास पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं, तिथल्या वस्तू इथे आहेत. त्यात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभर उंचीचा, समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावरच्या गावात. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार कुठपर्यंत पोचला होता हे ती मूर्ती सांगते. पण टाऊन हॉलच्या बागेत बसलेल्यांपैकी आत जाणारे थोडेच.

पन्हाळ्याची गोष्ट वेगळी. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्या अकरांत आहे. १३ जुलै हा पावनखिंडीचा दिवस, म्हणजे बातमी आली तेव्हा पन्हाळ्याहून विशाळगडाकडे पायी जाणाऱ्या मोहिमांचे दिवस होते.

गड शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, बाराव्या शतकाच्या अखेरचा. पुढे बहामनी, आदिलशाही, मग मराठे. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, गंगा-यमुना-सरस्वती नावाची अंबरखान्यातली धान्याची प्रचंड कोठारं, हे सगळं त्या थरांमधून आलेलं. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज इथे चार महिने अडकले आणि आषाढातल्या पावसात रात्री निसटले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की महाराणी ताराबाईंच्या काळापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या राज्याची राजधानी पन्हाळाच होती, खालचं कोल्हापूर नव्हे. आणि १८४४ साली इथल्या गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीने, इंग्रजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा तोफा लावून गड घेतला गेला आणि नंतर ‘चार दरवाजा’ नावाचं मुख्य प्रवेशद्वार पाडण्यात आलं. आज पन्हाळ्यावर गेल्यावर ‘एवढा मोठा गड, मग मुख्य दरवाजा कुठे?’ असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे आहे.

या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याची अडचण अशी, की हा जिता-जागता गाव आहे. नगरपरिषद आहे, शाळा आहेत, घरं, लॉज, झुणका-भाकरीच्या गाड्या आहेत. कवी मोरोपंतांचा जन्म इथला. युनेस्कोची प्रक्रिया चालू असताना गडावर आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. घराची दुरुस्ती करता येईल का, गाडा लावता येईल का, उद्या उठवणार तर नाहीत ना? कुणालाही हलवलं जाणार नाही, असं सरकारी अधिकाऱ्यांना वारंवार सांगावं लागलं. दर्जा मिळाल्यावर फटाके वाजले, पण बांधकामाच्या परवानगीचा प्रश्न फटाक्यांनी सुटत नसतो. त्याच वर्षी वेढ्याचा प्रसंग दाखवणारं तेरा-डी थिएटरही गडावर सुरू झालं. खुर्ची हलते, वारा येतो, पोरं खूश होतात. मात्र खऱ्या वेढ्याची कल्पना यायची असेल तर जुलैच्या धुक्यात पुसाटी बुरुजावर दहा मिनिटं उभं राहावं. समोरचा माणूस दिसत नाही, आणि माणसं निसटून कशी गेली असतील ते तिथे कळतं.

राधानगरी हे तसं पाहुण्यांचं ठिकाण नव्हतंच. भोगावती अडवून शेतीला बारमाही पाणी द्यायचं, ही शाहू महाराजांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली योजना. पैशापायी काम त्यांच्या हयातीत अर्धवट राहिलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. ते बघायला आता पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. कोल्हापुरात मात्र ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी लोक वेगळ्या कारणानं वाचतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली, ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४३ ची धोका पातळी किती लांब आहे, हा हिशेब लगेच सुरू होतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या शाहूपुरीतल्या किंवा चिखली-आंबेवाडीतल्या माणसाला दरवाज्यांचा व्हिडिओ पाठवला तर तो ‘लई भारी’ म्हणेलच असं नाही. धरणामागचं दाजीपूर हे राजेलोकांचं शिकारीचं रान; १९५८ साली ते गव्यांसाठी राखीव झालं. राज्यातलं हे सर्वांत जुनं अभयारण्य, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर तेही जागतिक वारशात गेलं. म्हणजे जिल्ह्याला युनेस्कोचा पहिला मान पन्हाळ्याच्या तेरा वर्षं आधी मिळाला होता. त्या वेळी एवढे फलक लागल्याचं आठवत नाही.

चित्रनगरीच्या मागे तर एक अख्खा उद्योग उभा आहे, किंवा उभा होता. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१८ च्या सुमारास इथे सुरू केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही इथेच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि कोल्हापूरचा जीव अर्धा झाला. राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोन काढून पोकळी भरायचा प्रयत्न केला. तोच स्टुडिओ पुढे भालजी पेंढारकरांकडे जाऊन जयप्रभा झाला, गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत जळाला, पुन्हा उभा राहिला, नंतर लता मंगेशकरांच्या मालकीचा झाला. २०२२ साली त्याची जागा विकली गेल्याचं उघड झालं तेव्हा कलाकारांनी स्टुडिओच्या दारात दिवसेंदिवस ठिय्या मारला होता.

मोरेवाडीच्या माळावरची सरकारी चित्रनगरी १९८० च्या दशकातली. बरीच वर्षं तिथे गवत जास्त आणि चित्रीकरण कमी. मालिकांचं युग आलं आणि जागेला पुन्हा भाव आला. गंमत अशी की सिनेमा बघणाऱ्यांचं पर्यटन चित्रनगरीच्या आधी गावांनीच सुरू केलं. वसगड्याच्या वाड्यात एका लोकप्रिय मालिकेचं चित्रीकरण चालू होतं, तेव्हा लोक अंबाबाईचं दर्शन घेऊन थेट तो वाडा बघायला जात होते. मालिका संपली, गर्दीही ओसरली.

मुद्दाम बघण्यासाठी म्हणून बांधलेलं म्हणाल तर कणेरी मठावरचं सिद्धगिरी संग्रहालय, २००७ चं. बारा बलुतेदार, मळणी, पाणवठा, बैलबाजार, सगळं सिमेंटच्या माणसांत. शहरी मुलांना न्यायला उत्तम. आमच्या आजीच्या पिढीला तिथे नेलं की त्या मूर्तीपाशी थांबून चुका काढतात, तेही ऐकण्यासारखं असतं.

आणि एक ठिकाण अजून यादीत आलेलं नाही. १९०६ साली शाहू महाराजांनी स्थापन केलेली शाहू मिल २००३ साली बंद पडली. तिथे महाराजांचं भव्य स्मारक करायचं, असं तेव्हापासून प्रत्येक जयंतीला, म्हणजे २६ जूनला, कुणी ना कुणी जाहीर करतं. आराखडे झाले, बदलले. भोंगा बंदच आहे.

पैसा मात्र देवळाकडे निघाला आहे. ६ मे २०२५ ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसरासाठी १,४४५ कोटींच्या आराखड्याला मंजुरी मिळाली, जोतिबासाठी सुमारे २६० कोटी. शौचालय आणि बागेखाली गाडलेलं मणिकर्णिका कुंड काही वर्षांपूर्वी उकरून मोकळं केलं, तेव्हापासून ‘मूळ स्वरूप’ हा शब्द इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण देवळाभोवतीच्या पेठाही मूळच्याच आहेत. वाडे, भांडीवाले, ओटी-साडीची दुकानं, तीन-तीन पिढ्यांचे भाडेकरू. महाद्वार रोडला आराखड्याबद्दल विचारलं तर कोटींचे आकडे कुणी बोलत नाही. मोजणीवाले कुठल्या गल्लीपर्यंत आले, एवढंच विचारतात.