गीझर ड्रेन केला म्हणजे क्षार निघाला असं नसतं

थंडी तोंडावर आली की सगळीकडे एकच सल्ला फिरायला लागतो, वर्षातून एकदा गीझर ड्रेन करा, सगळा क्षार वाहून जातो. नाही जात हो. ड्रेन करणं म्हणजे टाकीतलं पाणी काढून टाकणं आणि डिस्केलिंग म्हणजे एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या आतल्या कॉइलवर) अन् तळाला घट्ट बसलेला पांढरा थर काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं करून दुसरं झालं असं समजल्यामुळे लोकांचे एलिमेंट जळतात. भिंतीवरच्या १५-२५ लिटरच्या उभ्या इलेक्ट्रिक गीझरबद्दल बोलतेय, गॅस गीझरचं सगळं वेगळं.

ड्रेन कसं करायचं ते बऱ्याच जणांना माहीत असतं म्हणून पटकन सांगते. एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला गीझरचा स्विच, बंद करा (नुसतं बटण नको), पाणी गार होऊ द्या, गीझरखालचा अँगल कॉक (थंड पाणी आत सोडणारा छोटा नळ) बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा म्हणजे हवा आत जाईल, आणि मग थंड पाण्याच्या बाजूला जो सेफ्टी व्हॉल्व असतो त्याचा ड्रेन सोडा. नुसता गरम नळ सोडून टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाण्याचा पाइप आत पार वरपर्यंत गेलेला असतो. बस, ड्रेन एवढंच.

आता खरा घोळ. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं, आणि ते जिथे सगळ्यात जास्त गरम तिथे म्हणजे थेट एलिमेंटवर चिकटतं. कुकरमध्ये बटाटे उकडून आतला पांढरा थर नुसतं पाणी ओतून दिल्यावर जातो का? मग गीझरचा कसा जाईल. थोडा क्षार सुटा होऊन तळाला पडतो हे खरं, पण तोही ड्रेनमधून पूर्ण येत नाही. थंड पाण्याचा पाइप तळाच्या झाकणापासून जरा वर आत गेलेला असतो, ड्रेन त्याच पाइपमधून होतं, त्यामुळे त्याच्या तोंडाखालचं पाणी आणि गाळ तिथेच राहतो. आणि क्षाराच्या मोठ्या खपल्या व्हॉल्वच्या त्या बारक्या भोकातून निघायच्या कशा? म्हणून बादलीत स्वच्छ पाणी आलं म्हणजे टाकी स्वच्छ, हा निष्कर्ष चुकीचा आहे, मला तर यापेक्षा मोठा गैरसमज दुसरा दिसत नाही.

डिस्केलिंगसाठी खालचं झाकण उघडावंच लागतं. नट सोडले की झाकणाबरोबर एलिमेंट आणि अॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी) बाहेर येतो, उरलेलं पाणी अन् गाळ पण पडतो, खाली टब धरा. मग एलिमेंट सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात ठेवायचा, एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. बुडबुडे यायला लागतात, तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे थर विरघळतोय. वायरची टोकं भिजवायची नाहीत, आणि अॅनोड आधी सोडवून बाजूला ठेवायचा, कारण मॅग्नेशियम अॅसिडमध्ये खाल्लं जातं. मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरने खरवडतात, एलिमेंट फरशीवर आपटतात, संडास साफ करायचं अॅसिड ओततात, हे मला अजिबात सहन होत नाही. आपटून एलिमेंटच्या आत तडा गेला की करंट पाण्यात उतरायचा धोका, आणि खरवडताना टाकीच्या आतला काचेचा लेप टवका उडून गेला की तिथून गंज. तुमच्या घरी असं चाललं असेल तर सरळ थांबवा.

लोक म्हणतात क्षारामुळे वीजबिल वाढतं. फारसं नाही. २ किलोवॅटचा एलिमेंट २ किलोवॅटच उष्णता देतो आणि ती शेवटी पाण्यातच जाते, १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८-२० मिनिटं लागतात ती साधारण तेवढीच राहतात. नुकसान दुसरीकडे होतं: थराखाली एलिमेंट स्वतः प्रमाणाबाहेर तापतो आणि एक दिवस फुटतो. गीझर सुरू असताना तडतड, खडखड असा आवाज येत असेल तर थराखाली पाण्याची वाफ होतेय असं समजा, तेव्हा ड्रेनच्या भरवशावर राहू नका.

अॅनोड रॉडचं पण असंच, तो क्षार थांबवत नाही, तो टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजतो. आतली तार दिसायला लागली की बदला, चालतंय अजून म्हणून ठेवू नका. झाकण उघडलंच आहे तर गास्केट (झाकणाखालचं रबर) पण नवीन टाका, जुनं परत बसवलं की हमखास गळतं. टीडीएस मीटर दाखवून "पाणी चांगलं आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तो मीटर जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) मोजत नाही, एकूण विरघळलेले क्षार मोजतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात जडपणाची वेगळी मर्यादा आहे, २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. मुंबईत तानसा-वैतरणा-भातसाचं तलावाचं पाणी असेल तर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडलं तरी चालेल असं माझं मत, पण टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत दरवर्षी उघडा. थर्मोस्टॅटची चकती असेल तर ६० च्या आसपास ठेवा, ७५ वर ठेवलं की थर झपाट्याने बसतो.

सेफ्टी व्हॉल्व तापताना थेंब-थेंब गळतो ते बिघाड नाही, १५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की जवळपास पाव लिटर फुगतं आणि परत पाइपात जाऊ शकत नाही. तो थेंब बंद करायला कोणी तिथे बूच मारलं असेल तर आज काढा, टाकी फुटू शकते.

परत चालू करताना आधी अँगल कॉक उघडा, गरम नळ सोडून ठेवा, फुसफुस हवा येणं थांबून सलग धार लागेपर्यंत थांबा, झाकणाभोवती कोरडा हात फिरवून गळती बघा, आणि मगच एमसीबी वर करा, रिकाम्या टाकीत एलिमेंट पेटला तर नुकताच साफ केलेला एलिमेंट काही क्षणांत जातो.