किण्वन कक्ष, घरगुती

आंबवला जाणारा पदार्थ ठरावीक तापमानात कित्येक तास, दिवस किंवा आठवडे ठेवता यावा यासाठी केलेली बंदिस्त, उष्णतारोधक जागा म्हणजे किण्वन कक्ष. कारखान्यांत हे काम थंड पाण्याचे वेष्टन असलेल्या टाक्या आणि वातानुकूलित खोल्या करतात. घरी मात्र ते बहुधा वापरातून बाद झालेल्या फ्रीजकडे सोपवले जाते. फ्रीजचा कॉम्प्रेसर, शीतक वायूच्या नळ्या आणि भिंतींमधला फोम यांना हात न लावता त्याचा वीजपुरवठा बाहेरच्या तापमान नियंत्रकातून घ्यायचा आणि आत एक लहान हीटर बसवायचा, एवढ्याने रूपांतर मुख्यतः पूर्ण होते. मग ४ अंश सेल्सियसच्या आसपास राहण्यासाठी बनवलेले तेच कपाट साधारण २ ते ४५ अंशांमधील हवे ते तापमान राखू शकते. जोडणीचे काम थोड्या वेळाचे आहे. खरे कौशल्य तापमान नेमके कुठे मोजायचे आणि कॉम्प्रेसरला किती उसंत द्यायची हे ठरवण्यात आहे.

किण्वन आणि यांत्रिक शीतकरण यांचे नाते जुने आहे. बव्हेरियात १५५३ च्या राजाज्ञेने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास मनाई केली. उन्हाळ्यातली बिअर वारंवार नासत असे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. पुढची तीन शतके थंड तळघरे आणि हिवाळ्यात कापून साठवलेला बर्फ यांवरच काम भागवले गेले. १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांनी आपली शीतयंत्रे म्यूनिकमधील श्पाटेन ब्रुअरीच्या सहकार्याने विकसित केली आणि बिअरचा धंदा ऋतूंच्या बंधनातून सुटला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियान हान्सेन यांनी बिअरच्या यीस्टचे शुद्ध संवर्धन साधले. एकाच जातीचे यीस्ट हाती येऊ लागल्यावर त्या जातीला मानवणारे तापमान काटेकोर राखण्याला अर्थ आला. घरगुती फ्रीज ज्या वायू-संपीडनाच्या चक्रावर चालतो, त्याच्या वाढीला किण्वनाच्या गरजेनेच सुरुवातीचे बळ दिले होते.

तापमानाचा परिणाम किण्वनाच्या वेगापुरता मर्यादित नसतो. कोणते जीव वरचढ ठरतील आणि ते कोणती उपउत्पादने सोडतील हेही त्यावरच ठरते. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत आणि लागर प्रकारचे ८ ते १३ अंशांत उत्तम काम करते. त्याहून उष्ण ठेवल्यास फ्यूजेल अल्कोहोले आणि एस्टरे ही उग्र वासाची संयुगे वाढून चव तीक्ष्ण किंवा द्रावकासारखी होते, तर फार थंड ठेवल्यास यीस्ट तळाशी बसते आणि किण्वन अर्धवट राहते. मिठात आंबवलेल्या भाज्यांना १८ ते २२ अंश मानवतात, कारण या पट्ट्यात आधी ल्यूकोनोस्टॉक आणि मागाहून लॅक्टोबॅसिलस असा जीवाणूंचा क्रम नीट चालतो. उष्णता वाढली की पहिला टप्पा आखडतो आणि चवीतला नाजूकपणा हरवतो. दह्याच्या जीवाणूंना ४० ते ४५ अंश लागतात. टेंपेची (आंबवलेल्या सोयाबीनच्या इंडोनेशियन वडीची) रायझोपस बुरशी ३० ते ३२ अंशांत वाढते. कोजीची (जपानी पद्धतीने बुरशी वाढवलेल्या तांदूळ किंवा इतर धान्याची) ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी सुमारे ३० अंशांवर सुरू करून पुढे जपावी लागते. म्हणजे थंड करणे आणि ऊब देणे ही दोन्ही कामे एकाच कपाटाला जमली पाहिजेत.

येथे एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात सहसा येत नाही: किण्वन स्वतःच उष्णता निर्माण करते. यीस्टने एक किलो विद्राव्य शर्करा आंबवली की साधारण ५८७ किलोजूल उष्णता बाहेर पडते. मध्यम ताकदीच्या २० लिटर बिअरच्या द्रवात सुमारे अडीच किलो विद्राव्य घटक असतो आणि त्यातला दीड किलोहून थोडा अधिक प्रत्यक्ष आंबतो. त्यातून निघणारी सगळी उष्णता द्रवातच कोंडली गेली, तर त्याचे तापमान जवळजवळ ११ अंशांनी चढेल. चार दिवसांत विभागली तर ही उष्णता सरासरी तीन वॅटसुद्धा भरत नाही, त्यामुळे कोणत्याही चालू फ्रीजला ती सहज हटवता येते. परंतु जाड भांड्यातल्या स्थिर द्रवातून ती भोवतालच्या हवेत हळूहळूच जाते. परिणामी जोमात आंबणाऱ्या भांड्याचा मध्य भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी उष्ण राहतो. कपाटातील हवा २० अंश दाखवते म्हणून निश्चिंत राहणाऱ्याचे यीस्ट प्रत्यक्षात २४ अंशांवर काम करत असू शकते.

म्हणून नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नये. सर्वांत चांगली जागा म्हणजे झाकणातून द्रवात उतरवलेली, तळाशी बंद असलेली स्टीलची नळी. ती नसल्यास सेन्सर भांड्याच्या बाहेरच्या बाजूला, द्रवाच्या पातळीच्या बऱ्याच खाली घट्ट चिकटवून त्यावर फोमचा जाड तुकडा बांधावा, म्हणजे त्याला हवेऐवजी भांड्याची भिंत जाणवते. प्लॅस्टिक किंवा काचेच्या भांड्यावरही अशी मांडणी घरगुती गरजेपुरती विश्वासार्ह ठरते. लावण्यापूर्वी सेन्सर बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात बुडवून शून्य अंश दाखवतो की नाही हे पाहावे आणि फरक आढळल्यास नियंत्रकातील दुरुस्तीच्या कप्प्यात तो नोंदवावा.

नियंत्रक म्हणून दोन रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) असलेले डिजिटल उपकरण वापरतात: एक रिले फ्रीजला आणि दुसरा हीटरला वीज देतो. एसटीसी-१००० हा या कामात बराच वापरला गेलेला नमुना. त्यात चार मूल्ये भरावी लागतात: हवे असलेले तापमान, त्याच्या दोन्ही बाजूंना चालणारा फरक, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करण्यापूर्वीचा विलंब आणि सेन्सरची दुरुस्ती. अशा सुट्या उपकरणाला खोकी, सॉकेट आणि तारा स्वतः जोडाव्या लागतात. विजेच्या कामाची सवय नसलेल्याने सॉकेटसह तयार मिळणारा नियंत्रकच घ्यावा, हे निःसंशय शहाणपणाचे. फ्रीजचा मूळ थर्मोस्टॅट काढण्याची गरज नसते. तो सर्वाधिक थंडीवर ठेवला की बाहेरच्या नियंत्रकाने वीज दिल्याबरोबर कॉम्प्रेसर चालू होतो.

चार मूल्यांपैकी विलंबाचे मूल्य कधीही कमीत कमीवर ठेवू नये. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर चक्राच्या उच्च आणि नीच दाबाच्या बाजू समपातळीवर येण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधीच तो सुरू करण्याचा प्रयत्न झाला तर मोटर अडकल्यासारखी होते, नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते आणि तिचे अतिभार संरक्षक तिला तोडते. हे वारंवार घडल्यास वेटोळे जळतात. पाच ते दहा मिनिटांचा विलंब किण्वनाला मुळीच बाधत नाही, कारण २० लिटर पाण्याला एवढ्या वेळात अंशाचा दहावा भागही सहसा हलवता येत नाही. मूळ तापमानाच्या दोन्ही बाजूंना अर्धा ते एक अंश फरक ठेवणेही याच कारणाने इष्ट आहे. फरक फार अरुंद ठेवल्यास आणखी एक दोष उद्भवतो: थंडी ठरलेल्या बिंदूच्या थोडी खाली उतरते, हीटर चालू होतो, तो ऊब थोडी वर चढवतो, पुन्हा कॉम्प्रेसर लागतो, आणि दोन्ही यंत्रे रात्रंदिवस एकमेकांचे काम पुसत राहतात.

ठरलेल्या बिंदूच्या खाली घसरण्याचे कारण साठलेल्या थंडीत आहे. सेन्सरला हवे ते तापमान जाणवेपर्यंत कूलिंग कॉइल गोठणबिंदूच्या बरीच खाली गेलेली असते आणि वीज तुटल्यावरही ती हवेला थंड करत राहते. कपाटात लहान पंखा सतत फिरता ठेवल्यास हवेचे थर मोडतात, कॉइलची थंडी लवकर वाटली जाते आणि ही घसरण बरीच आटोक्यात येते. अधिक काटेकोर काम हवे असल्यास दोन सेन्सरांची पद्धत आहे: एक द्रवाचे तापमान पाहतो, दुसरा हवेचे, आणि द्रव ठरलेल्या बिंदूच्या जवळ येऊ लागताच नियंत्रक हवेची थंडी आधीच सौम्य करतो. मात्र बहुतेक घरगुती किण्वनांना एवढ्या बारकाईची आवश्यकता नसते.

हीटर ४० ते ६० वॅटचा पुरतो, कारण भिंतींतला फोम उष्णता अडवतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीत वापरतात तो प्रकाश न देणारा सिरॅमिक बल्ब, नळीच्या आकाराचा हीटर किंवा भांड्याला गुंडाळायची उष्णतापट्टी हे रूढ पर्याय आहेत. साधा पिवळा दिवा स्वस्त पडतो, पण हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) असलेल्या पेयाला प्रकाश चालत नाही: रायबोफ्लेविनच्या मध्यस्थीने हॉप्समधील घटक तुटून अत्यंत उग्र वासाचा गंधकयुक्त थायॉल तयार होतो. दिवा वापरायचाच असेल तर तो धातूच्या बंद डब्यात बसवावा. कोणताही तापलेला पृष्ठभाग फ्रीजच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला टेकू नये.

फ्रीज निवडताना साधेपणाला प्राधान्य द्यावे. यांत्रिक थर्मोस्टॅटचा जुना फ्रीज वीज मिळताच चालू होतो; इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चालणारी नवी मॉडेले वीज परत आल्यावर स्वतःची तपासणी करतात किंवा आपल्या सोयीने थांबून राहतात, त्यामुळे बाहेरच्या नियंत्रकाशी त्यांचे जुळत नाही. वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा असलेल्या एकदारी फ्रीजमध्ये तो कप्पाच कूलिंग कॉइल असतो. उंच भांडे मावावे म्हणून तो वाकवण्याचा मोह होतो, परंतु त्यातल्या पातळ नळ्या सहज चिरतात आणि वायू निघून गेला की फ्रीज निकामी होतो. आडवा, वरून उघडणारा फ्रीझरही चालतो. त्यात थंडी चांगली टिकते, पण सुमारे २५ किलोचे भरलेले भांडे कठड्यावरून उचलून आत सोडावे लागते. उभ्या फ्रीजमध्ये हे वजन काचेच्या फळीवर न ठेवता तळावर मजबूत प्लायवूड बसवून त्यावर ठेवावे.

तारा आत नेण्यासाठी छिद्र पाडण्याआधी थांबून विचार करावा. बऱ्याच फ्रीजांच्या बाजूच्या भिंतींत उष्ण वायूच्या नळ्या पुरलेल्या असतात आणि बाहेरून त्यांचा पत्ता लागत नाही. त्या शोधण्याची एक युक्ती म्हणजे कॉर्नस्टार्च अल्कोहोलमध्ये कालवून भिंतीवर पातळ थर देणे आणि कॉम्प्रेसर चालवणे. नळ्यांवरचा थर आधी वाळून पांढऱ्या रेषा उमटतात. तरीही सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे पाणी वाहून जाण्याचे आधीचे छिद्र किंवा दाराची कड, कारण पातळ चपटी तार दाराच्या रबराखालून बहुधा विनासायास जाते. आर-६००ए भरलेल्या फ्रीजमध्ये तर छिद्र पाडूच नये: हा वायू म्हणजे आयसोब्यूटेन, आणि तो ज्वलनशील आहे.

बंद कपाटातील हवेचाही विचार करावा लागतो. वर सांगितलेल्या २० लिटर बिअरमधून सुमारे ८०० ग्रॅम, म्हणजे खोलीच्या तापमानाला चारशे लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भांड्यातील यीस्टला त्याची अडचण होत नाही, मात्र दार उघडताच डोके आत घालू नये आणि फ्रीजची खोली हवेशीर असावी. टेंपे आणि कोजीच्या बुरश्यांना उलट प्राणवायू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी दार अधूनमधून उघडावे किंवा हवा खेळती ठेवणारी लहान वाट ठेवावी. याच बुरश्या वाढीच्या भरात स्वतःला घातक ठरेल इतकी उष्णता सोडतात. पहिले काही तास ऊब देणारे कपाट त्यानंतर थंडावा देऊ लागते, आणि दोन्ही रिले असण्याची किंमत तेव्हा कळते. ऊबदार ठेवलेल्या कपाटात कॉम्प्रेसर क्वचितच चालतो, त्यामुळे दमट हवा सुकत नाही आणि भिंतींवर बुरशी धरते. कॅल्शियम क्लोराइडचा डबा आत ठेवणे आणि प्रत्येक खेपेनंतर दाराच्या रबराच्या घड्या पुसून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

किण्वन संपल्यावर तेच कपाट १ ते २ अंशांवर नेऊन पेय निवळू देता येते. या वेळी भांड्याच्या वरच्या भागातील वायू २० अंशांवरून २ अंशांवर येताना सुमारे सहा टक्के आकसतो, शिवाय थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेतले) पाणी आत ओढले जाऊन पेय बिघडू नये म्हणून तो आधी काढून छिद्र बंद करावे किंवा वायूने भरलेला फुगा जोडावा. मात्र कडक झाकणाचे काचेचे भांडे पूर्ण बंद करून थंड करणे धोक्याचे आहे.

सुरक्षेत अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांना पर्याय नाही, कारण येथे पाणी, धातू आणि वीज एकाच अरुंद जागेत असतात. बाहेरून खिटी बसणारे जुने फ्रीज आतून उघडता येत नाहीत. अशा फ्रीजांत कोंडून मुले दगावल्याने अमेरिकेत १९५६ मध्ये दार आतूनही उघडता यावे असा कायदा करावा लागला. असा फ्रीज हाती आल्यास खिटी काढून टाकून चुंबकाची पट्टी लावावी. घरी मद्य तयार करण्याविषयीचे नियमही देशोदेशी वेगळे आहेत आणि ते आधी पाहून घ्यावेत.

कॉम्प्रेसर कायमचा बंद पडलेला फ्रीजही पूर्ण वाया जात नाही. भिंती आणि दाराचे रबर शाबूत असतील तर फक्त हीटरचा रिले जोडून तो दही लावण्यासाठी वापरता येतो. टेंपेच्या बाबतीत मात्र, थंडावा देण्याची सोय नसल्याने, उत्तरार्धात दार किलकिले ठेवून पंख्याने उष्णता बाहेर काढावी लागते. अशा बंद फ्रीजमधला उरलेला शीतक वायू हवेत न सोडता प्रशिक्षित कारागिराकडून काढून घ्यावा, विशेषतः फ्रीज इतका जुना असेल की त्यात १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झालेला, ओझोनला घातक आर-१२ हा वायू असण्याची शक्यता आहे.