एआय निकाल देत नाही, निकालपत्र वाचतं
लिंगाधारित हिंसेच्या खटल्यांत एआय आलं म्हणजे निकाल यंत्रच देणार, हा समज चुकीचा आहे. अर्जेंटिनात बनलेलं ‘आयमुराय’ हे मुक्तस्रोत (कुणालाही वापरता-बदलता येणारं) साधन लिहून झालेल्या निकालपत्रांतून हिंसेचा प्रकार, पीडिता आणि आरोपीचं नातं, तारखा अशी माहिती आकडेवारीसाठी शोधून सुचवतं. तपासून ती कायम करतात न्यायालयाचे कर्मचारी. ही तपासणी कधीच टाळू नये. ‘शस्त्र वापरलं नाही’ यातलं ‘शस्त्र’ तेवढं उचललं जाऊ शकतं, ‘माजी पती’चा ‘पती’ होऊ शकतो. मानसिक छळ तर अनेकदा कलमात दिसतच नाही, लांबलचक जबानीत विखुरलेला असतो. तो सुटला की आकडेवारीत फक्त मारहाण उरते. शिवाय ही माहिती सगळ्यांसाठी खुली करताना नाव खोडलं म्हणजे ओळख लपली असंही नाही. छोटं गाव, पेशा आणि घटनेची तारीख एकत्र आली की पीडिता ओळखू येते. म्हणून माहिती खुली करण्याआधी तारखेऐवजी महिना, गावाऐवजी जिल्हा ठेवावा.