सोलास्टॅल्जिया : घरात राहूनच येणारे घरदुःख

'सोलास्टॅल्जिया' हा शब्द ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी २००३ मध्ये घडवला. न्यू साउथ वेल्स प्रांतातील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसाखाणी पसरत होत्या आणि धूळ, सुरुंगांचे हादरे व रात्रभराचा उजेड यांनी तेथील रहिवासी हैराण झाले होते. त्यांनी घर सोडलेले नव्हते, तरीही त्यांची व्यथा घर दुरावलेल्या माणसाचीच होती. दिलासा या अर्थाचा लॅटिन 'सोलाशियम' आणि वेदना या अर्थाचा ग्रीक 'अल्गोस' यांच्या जोडणीतून या व्यथेला नाव मिळाले.

या शब्दाची घडण 'नॉस्टॅल्जिया'वर बेतलेली आहे, आणि तो शब्दही कोणीतरी मुद्दाम घडवलेलाच होता. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात, परमुलखात घराच्या ओढीने खंगणाऱ्या माणसांच्या विकाराला हे नाव दिले. पुढे विकार मागे पडून गतकाळाची गोड हुरहुर एवढाच अर्थ उरला. मराठीतील 'स्मरणरंजन' हा प्रतिशब्द या उत्तरकालीन अर्थाचा आहे. त्यात रंजन आहे, वेदना नाही. म्हणूनच त्याच्या धर्तीवर नव्या शब्दाचा पर्याय करता येणार नाही.

हा प्रश्न वडोदऱ्यातील मराठी माणसाला जवळचा वाटावा. शासनव्यवहारातील इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, संस्कृत यांसह अनेक भाषांतील पर्याय देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ मध्ये येथेच, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झाला. शिवाय अनुभवही परका नाही. गायकवाडांबरोबर आलेल्या कुटुंबांच्या पहिल्या पिढ्यांना देशावरच्या गावाची ओढ लागली असेल, तर ते होफरचे दुःख होते. ज्या नगराचे नावच वडाच्या झाडावरून आले असे मानतात, तेथे वड तुटताना आणि विश्वामित्रीचे पात्र आक्रसताना पाहणाऱ्या आजच्या रहिवाशाचे दुःख मात्र अल्ब्रेक्ट यांच्या शब्दातले आहे, कारण त्याला परतायला दुसरे गाव नाही.

मला 'स्थलशोक' हा पर्याय सुचतो. त्यात हरवलेल्या दिलाशाची छटा येत नाही, ही उणीव खरी आहे. परंतु शोक समोर घडणाऱ्या नाशाचाही असतो, आणि स्मरणाला जोडलेले रंजन येथे आड येत नाही.