चाचणी नको, सिद्धता दाखवा

‘संगणक चुकत नाही, चुकतो तो प्रोग्राम लिहिणारा’ हे वाक्य आपण सगळेच ऐकत आलोय. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सीस्मिथ’ नावाच्या साधनाने सी भाषेचे कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं संगणकाला कळणाऱ्या मशीन कोडमध्ये भाषांतर करणारी साधनं, तपासले आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. तीन वर्षांत ३२५ हून अधिक चुका सापडल्या. काही वेळा कंपायलरच कोलमडला; काही वेळा प्रोग्राम बिनचूक, पण कंपायलरने तयार केलेला मशीन कोड चुकीचा!

हे होतं कशामुळे? कंपायलर प्रोग्रामचं नुसतं भाषांतर करत नाही, तो वेगाने चालावा म्हणून त्याची रचनाही बदलतो. फंक्शनल भाषांमधला (फंक्शनं एकमेकांना जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषा) माझा सर्वात लाडका बदल पाहा. १, २, ३ ही यादी आहे. आधी प्रत्येक आकडा दुप्पट करायचा, मग त्यात एक मिळवायचा: ३, ५, ७. यादीवरून दोन फेऱ्या झाल्या. कंपायलर म्हणतो, एकाच फेरीत दोन्ही करू, मधली यादी बनवायचीच कशाला?

उत्तर तेच येईल, हे कोणत्याही यादीसाठी सिद्ध कसं करायचं? अकरावीतलं इंडक्शन आठवा. यादी रिकामी असेल तर दोन्हीकडे उत्तर रिकामंच. नसेल तर पहिला आकडा बाजूला काढा. दोन्ही रीतींनी त्याचं ‘दुप्पट अधिक एक’ हेच होतं. उरलेली यादी एकाने लहान, तिच्यासाठी विधान खरं धरलेलंच आहे. संपलं!

पण दुप्पट करणारं आणि एक मिळवणारं अशी दोन्ही फंक्शनं काम करताना पडद्यावर काही छापत असतील तर? आधी ‘दुप्पट, दुप्पट, दुप्पट, अधिक, अधिक, अधिक’ दिसायचं, आता ‘दुप्पट, अधिक, दुप्पट, अधिक…’ दिसेल. म्हणजे प्रोग्राम बदलला. फंक्शनं काही छापत नसावीत, ही अट कागदावर आपण सहज विसरतो. कॉक (आता नाव ‘रॉक’) किंवा हॉल-४ सारखी सिद्धता तपासणारी प्रणाली मात्र अट मांडल्याशिवाय पुढची पायरी मान्यच करत नाही. लाखो चाचण्या पार केल्या म्हणून ‘शंभर टक्के निर्दोष’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. चाचणी काही याद्या तपासते, सिद्धता सगळ्या.

झेवियर लरॉय यांनी फ्रान्समध्ये घडवलेला कॉम्पसर्ट हा सीचा कंपायलर असाच कॉकमध्ये सिद्ध केलेला आहे. त्याच्या सिद्ध केलेल्या मधल्या टप्प्यांत सीस्मिथला चुकीचा कोड सापडला नाही. स्टँडर्ड एमएल या फंक्शनल भाषेच्या घराण्यातल्या केकएमएल भाषेचा कंपायलर हॉल-४मध्ये सिद्ध झाला, आणि त्याने स्वतःलाच कंपाइल केलं. त्याच्या प्रमेयातही एक सवलत नमूद आहे: मेमरी संपली तर प्रोग्राम मध्येच थांबू शकतो. तोपर्यंत त्याने जे छापलं असेल, ते मात्र मूळ प्रोग्रामने छापलं असतं तेच असतं.