विमानातील आग आणि कॉकपिटमधील निर्णयाधिकार

उडत्या विमानात आग किंवा धूर आढळल्यावर वैमानिकांनी करायची कृती, आणि त्या वेळी कॅप्टन व सहवैमानिक यांचे मत जुळले नाही तर निर्णय कसा घ्यायचा याची शिस्त. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर येणारे एटीआर 72 हे दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप (इंजिनाने फिरणाऱ्या पंख्यांवर उडणारे) विमान येथे उदाहरणादाखल घेतले आहे.

इंजिनाच्या आगीची कृती ठरलेली असते. घंटा वाजली की एक वैमानिक विमान सांभाळतो. त्या बाजूचा पॉवर लिव्हर (इंजिनाची शक्ती ठरवणारा दांडा) फ्लाइट आयडलवर, म्हणजे उड्डाणातील किमान शक्तीवर आणतात, शेजारच्या कंडिशन लिव्हरने पंखा फेदर करून (पाती वाऱ्याला कमीत कमी अडथळा होईल अशी वळवून) इंधन तोडतात आणि फायर हँडल, म्हणजे आगीसाठीची मूठ, ओढतात. पुढे 10 सेकंद थांबायचे, कारण पंखा मंदावण्याआधी सोडलेला आग विझवणारा वायू वाऱ्याबरोबर निघून जातो. मग त्या वायूची पहिली बाटली सोडायची. आणखी 30 सेकंदांनी आगीचा इशारा देणारा दिवा तसाच असेल तर दुसरी. बाटल्या दोनच, त्याही दोन्ही इंजिनांत सामाईक. इंधन तोडण्याआधी ‘कोणते इंजिन?’ याची खात्री दोघांनी मोठ्याने करायची असते. तैपेई येथे 4 फेब्रुवारी 2015 रोजी एटीआर 72-600 च्या कॅप्टनने चालू इंजिनच बंद केले आणि 43 जण दगावले. तिथे आग नव्हती, चूक मात्र हीच होती.

धूर अधिक फसवा, कारण त्याचा उगम दिसत नाही. आधी ऑक्सिजन मास्क 100 टक्क्यांवर, गॉगल, एकमेकांचा आवाज ऐकू येतो का ते पाहणे, चेकलिस्ट त्यानंतर. पॉवर बँक पेटल्यास केबिन क्रू आधी हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूने ज्वाळा विझवतात, मग भरपूर पाणी ओततात. नुसत्या हॅलॉनने बॅटरी थंड होत नाही आणि ती पुन्हा पेटते.

वेळ फार थोडा असतो. 2 सप्टेंबर 1998 रोजी स्विसएअर 111 या विमानात धुराचा पहिला वास आल्यापासून विमान समुद्रात कोसळेपर्यंत सुमारे 21 मिनिटेच गेली. म्हणून उतरण्याची तयारी आणि आगीचा शोध एकाच वेळी चालवावा लागतो.

अंतिम अधिकार कॅप्टनचा. बोलण्याची जबाबदारी मात्र सहवैमानिकाचीही आहे, आणि ‘सर’ म्हणण्याच्या आपल्याकडच्या सवयीत नेमकी तीच दबते. प्रशिक्षणात चढत्या पायऱ्या शिकवतात: विचारणे, धोका सांगणे, स्पष्ट हरकत घेणे, आणि उत्तरच येत नसेल तर नियंत्रण हाती घेणे. मतभेद राहिला तर दोहोंपैकी अधिक सावध पर्याय निवडावा. समजा, हैदराबादहून कोल्हापूरला येताना धूर दिसला आणि कॅप्टनला उजळाईवाडीलाच जायचे आहे. पण तिथे ढग खाली आले आहेत आणि बेळगावचे सांब्रा, सुमारे 95 किलोमीटरवर, मोकळे आहे. अशा वेळी सहवैमानिकाने ‘सांब्रा घेऊ या’ असे थेट म्हणावे. ‘हवामान जरा बघू या का?’ एवढे पुरत नाही.

उतरल्यावरही निर्णय संपत नाहीत. 19 ऑगस्ट 1980 रोजी उड्डाणात आग लागलेले सौदिया 163 हे विमान रियाधला सुखरूप उतरले. तरी कॅप्टनने धावपट्टीवरच न थांबता विमान टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीला जोडलेल्या रस्त्यावर नेले आणि प्रवाशांना बाहेर काढण्याचा आदेश दिला नाही. केबिन क्रू वारंवार विचारत होते. इंजिने बंद झाल्यावर 23 मिनिटांनी दार उघडले, तोवर सर्व 301 जण मरण पावले होते. आता विमान थांबलेले असून कॉकपिटकडून काहीच आदेश येत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर केबिन क्रू स्वतः सुटका सुरू करू शकतात. दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर आग नाही आणि पंखे थांबले आहेत हे मात्र पाहावे लागते.