डाळिंबाची साल आणि विसरणारा मेंदू

डाळिंब लोखंडी विळीवर चिरलं की पातं काळं पडतं, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाला लागलं की हा रंग येतो. या टॅनिनांत मुख्य आहे प्युनिकॅलॅजिन. सालीत आणि पिवळसर पापुद्र्यात ते भरपूर असतं, म्हणून तर पापुद्रा दाताखाली आला की तोंड तुरट होतं.

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "रोज डाळिंब दिलं तर यांचं विसरणं थांबेल का गं?" काकांना अल्झायमर आहे. चाळीस वर्षं पायाखालची सिद्धेश्वर मंदिराची वाट गेल्या महिन्यात त्यांना मध्येच आठवेना. त्यात कुणीतरी काकूंना मोबाइलवर सालीच्या पावडरीची जाहिरात पाठवलेली.

त्यांचा प्रश्न भाबडा नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया निकामी होऊन तिथेच पडून राहतात. प्युनिकॅलॅजिनचा रेणू मोठा, तो मेंदूपर्यंत पोचत नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करून युरोलिथिन तयार करतात. त्यातलं युरोलिथिन-ए निकामी मायटोकॉन्ड्रिया साफ करण्याचं पेशीचं काम जोरात सुरू करतं. २०१९ मध्ये अल्झायमरसारखी लक्षणं असलेल्या उंदरांना ते दिल्यावर त्यांची स्मृती सुधारली. माणसांत मात्र हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच ताटातलं डाळिंब दोघा भावांनी खाल्लं, तरी एकाच्या रक्तात युरोलिथिन उतरेल, दुसऱ्याच्या नाही.

वनस्पतीतून अल्झायमरचं औषध आलेलंही आहे. युरोपातल्या स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाच्या झाडात गॅलँटामाइन सापडतं. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला अल्झायमरसाठी मान्यता मिळाली. स्मरणाला लागणारं मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन ते लवकर मोडू देत नाही. आजार थांबत नाही, पण काही काळ लक्षणं सौम्य राहतात. किती मिलिग्रॅम द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, हे सगळं तपासलेलं आहे. पावडरीच्या डब्याबद्दल यातलं काय माहीत आहे?

काकूंना म्हटलं, दाणे जरूर द्या, मधुमेह असेल तर बेतानं. पावडर नको. आणि डॉक्टरांची गोळी एक दिवसही चुकवू नका. त्यांनी मान हलवली आणि पुढ्यातलं भगवा जातीचं डाळिंब सोलून वाटीत दाणे काढायला घेतले. काका शेजारीच बसले होते, एकेक दाणा उचलून खात.